इंग्रजी वाक्यातील कर्ता आणि क्रियापद कसे ओळखावे: नवशिक्यांसाठी मार्गदर्शक

एखाद्या लांब इंग्रजी वाक्यातील प्रत्येक शब्दाचा अर्थ माहीत असूनही वाक्य मात्र हाती लागत नाही, हा अनुभव मराठीतून शिकलेल्या अनेकांना येतो. मलाही तो बरीच वर्षे येत होता. मी शब्दकोश उघडत असे, अडलेले दोन-चार शब्द शोधत असे, आणि तरीही त्या वाक्यात नेमके कोणाविषयी काय सांगितले आहे हे मला सांगता येत नसे. अडचण शब्दसंग्रहाची नव्हती, हे फार उशिरा लक्षात आले. वाक्याचे क्रियापद कोणते आणि त्या क्रियापदाचा धनी कोण, एवढ्याच दोन गोष्टी मला सापडत नव्हत्या, आणि त्या सापडत नव्हत्या याचे मोठे कारण म्हणजे मी त्या मराठीच्या पद्धतीने शोधत होतो.

पुढे दिलेला क्रम मी चुकतमाकत बसवलेला आहे. यातील इंग्रजी वाक्ये उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. सराव करताना ती वहीत रोमन लिपीत उतरवून घ्यावीत, कारण शब्दाच्या शेवटी आलेला एखादा 'एस' किंवा 'ईडी' डोळ्यांनी पाहणे या कामात आवश्यक असते.

सुरुवात करण्यापूर्वी जवळ काय असावे

एक वही, पेन्सिल आणि दोन वेगळ्या रंगांची पेने पुरेशी आहेत. एका रंगाने क्रियापद आणि दुसऱ्याने कर्ता अधोरेखित करायचा. शब्दकोश असा घ्यावा, ज्यात प्रत्येक शब्दापुढे तो नाम आहे की क्रियापद हे दिलेले असते. याशिवाय वहीच्या पहिल्या पानावर इंग्रजीतील २३ सहायक क्रियापदे लिहून ठेवावीत: ॲम, इज, आर, वॉज, वेअर, बी, बीइंग, बीन, हॅव, हॅज, हॅड, डू, डज, डिड, कॅन, कुड, मे, माइट, मस्ट, शॅल, शुड, विल, वुड. ही यादी पाठ झाली की निम्मे काम सोपे होते, कारण यांपैकी एखादा शब्द दिसला की क्रियापद तिथेच किंवा अगदी जवळ असते.

१. 'करणारा तो कर्ता' ही व्याख्या बाजूला ठेवावी

शाळेत आपण कर्ता शोधायला शिकलो, तो क्रियापदाच्या धातूला 'णारा' लावून. 'मुलगा पुस्तक वाचतो' या वाक्यात वाचणारा कोण? मुलगा. म्हणून मुलगा हा कर्ता. मराठीसाठी ही युक्ती उत्तम आहे. इंग्रजी वाक्याचे मनात मराठी करून तीच युक्ती वापरली, की घोटाळा सुरू होतो.

'मला ते गाणे आवडते' हे वाक्य घ्या. आवडणारे काय? गाणे. मराठीत क्रियापद गाण्याप्रमाणे चालते. 'गाणी' म्हटले की 'आवडतात' होते आणि 'मला' आहे तसेच राहते. इंग्रजीत हेच वाक्य 'आय लाइक दॅट साँग' असे होते आणि तिथे कर्ता 'आय' आहे. 'मला थंडी वाजते' यात वाजणारी थंडी आहे. 'आय फील कोल्ड' यात कर्ता पुन्हा 'आय'. मराठीत 'मला', 'त्याला', 'तिच्याकडे' अशा रूपांत बाजूला उभी असलेली व्यक्ती इंग्रजीत बहुतेक वेळा थेट कर्त्याच्या जागेवर येऊन बसते.

एका चाचणीत मी 'शी हॅव टू नोटबुक्स' असे लिहिले होते. तपासणाऱ्यांनी 'हॅव' खोडून 'हॅज' केले आणि एक गुण कापला. कारण सांगितले नाही. मी मनात 'तिच्याकडे दोन वह्या आहेत' असे म्हटले होते, 'आहेत' हे अनेकवचन वह्यांमुळे आले होते, आणि तेच अनेकवचन मी इंग्रजी क्रियापदाला चिकटवले होते. इंग्रजीत तिथे वह्यांना काही किंमतच नाही. कर्ता 'शी' आहे, एकवचनी आहे, म्हणून 'हॅज'.

याच्या मुळाशी दोन्ही भाषांतील एक मोठा फरक आहे. मराठीत क्रियापद कधी कर्त्याप्रमाणे चालते, कधी कर्माप्रमाणे. 'मुलीने पत्र लिहिले' आणि 'मुलीने पत्रे लिहिली' या वाक्यांत मुलगी तीच आहे, पण क्रियापद पत्रांप्रमाणे बदलले. हा आपला कर्मणी प्रयोग. भावे प्रयोगात तर ते कोणाचेच ऐकत नाही. इंग्रजी क्रियापद मात्र फक्त आपल्या कर्त्याचे ऐकते, आणि तेही मोजक्याच ठिकाणी: वर्तमानकाळात तृतीयपुरुषी एकवचनाला 'एस' लागतो आणि 'बी'ची रूपे बदलतात. 'द गर्ल रोट अ लेटर' आणि 'द गर्ल रोट टेन लेटर्स' यांत 'रोट' जसेच्या तसे राहते.

शिवाय इंग्रजीतला कर्ता काही करतोच असे नाही. 'द लेटर वॉज रिटन बाय द क्लर्क' या वाक्यात लिहिण्याचे काम कारकुनाने केले, पण कर्ता 'द लेटर' आहे. 'द डोअर ओपन्ड' यात दाराने काहीच केले नाही, तरी कर्ता दारच. म्हणून मराठी व्याकरणातील वाक्यपृथक्करणात येणारा 'उद्देश्य' हा शब्द मला इथे 'कर्ता'पेक्षा अधिक नेमका वाटतो: ज्याला उद्देशून बाकीचे विधान केले आहे ते उद्देश्य. या लेखात रूढ असल्यामुळे मी 'कर्ता' हाच शब्द वापरतो, परंतु तो वाचताना मनात 'उद्देश्य' हा अर्थ धरावा.

२. आधी क्रियापद शोधावे, कर्ता नंतर

वाक्याच्या सुरुवातीला दिसणारे पहिले नाम कर्ता म्हणून अधोरेखित करण्याची सवय बहुतेकांना असते. ती मोडावी. नामे वाक्यात पाच-सहा असू शकतात आणि त्यांच्यावर कोणतीही खूण नसते. क्रियापदाची खूण मात्र हमखास असते: ते काळ दाखवते.

म्हणून वाक्यापुढे मनातल्या मनात 'यस्टर्डे' किंवा 'टुमॉरो' लावावे आणि कोणता शब्द बदलतो ते पाहावे. 'द गार्डनर वॉटर्स द प्लांट्स नियर द ओल्ड वॉल' या वाक्यात 'वॉटर्स' आणि 'प्लांट्स' या दोन्ही शब्दांना शेवटी 'एस' आहे, आणि दोन्ही शब्द नाम म्हणूनही येतात आणि क्रियापद म्हणूनही. नुसते पाहून निर्णय होत नाही. 'यस्टर्डे' लावले की 'वॉटर्स'चे 'वॉटर्ड' होते, 'प्लांट्स' मात्र हलत नाही. क्रियापद सापडले.

पुट, कट, हिट, शट अशी काही क्रियापदे भूतकाळातही रूप बदलत नाहीत. तिथे 'टुमॉरो' लावून 'विल' कुठे बसते ते पाहावे. 'विल'च्या लगेच पुढे येणारा शब्द हे क्रियापद. 'दे शट द गेट' हे 'दे विल शट द गेट' असे होते, 'दे शट द विल गेट' असे होऊच शकत नाही.

मराठी वाचकाने आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. आपले क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, त्यामुळे आपला कान शेवटाकडे लागलेला असतो. इंग्रजी विधानात क्रियापद कर्त्यानंतर आणि कर्माच्या आधी येते, आणि त्याच्यामागे कर्म, स्थळ, वेळ अशी लांबलचक शेपटी असू शकते. शेवटचा शब्द पाहून काहीही ठरवू नये.

३. क्रियापदाची साखळी पूर्ण पकडावी

इंग्रजी क्रियापद अनेकदा एकाहून अधिक शब्दांचे असते. 'शी हॅज नेव्हर रिअली बीन टोल्ड द ट्रुथ' या वाक्यात क्रियापद 'हॅज बीन टोल्ड' असे तीन शब्दांचे आहे. 'नेव्हर' आणि 'रिअली' हे मधे घुसलेले पाहुणे आहेत. नॉट, नेव्हर, ऑलवेज, ऑलरेडी, स्टिल, जस्ट यांसारखे शब्द साखळीच्या मधोमध बसले तरी ते साखळीचा भाग नसतात. काळ आणि वचन दाखवण्याचे काम साखळीतील पहिला शब्द करतो, मुख्य अर्थ शेवटचा शब्द सांगतो.

ॲपॉस्ट्रॉफीबद्दल थोडी सावधगिरी हवी. 'शीज लेट' यात 'इज' लपले आहे, 'शीज गॉन' यात 'हॅज', आणि 'द टीचर्स बुक' यात क्रियापद मुळीच नाही, तो नुसता 'चा' प्रत्यय आहे. पुढचा शब्द पाहिला की उलगडा होतो.

एका कर्त्याला अनेक क्रियापदेही असू शकतात. 'ही अनलॉक्ड द डोअर, स्विच्ड ऑन द लाइट अँड सॅट डाउन' यात क्रियापदे तीन, कर्ता एकच.

४. क्रियापदाचा वेष घेतलेले शब्द ओळखावेत

नवशिक्यांचा सर्वांत अधिक वेळ इथे जातो. क्रियापदासारखे दिसणारे, क्रियापदापासूनच बनलेले, पण वाक्यात क्रियापदाचे काम न करणारे शब्द तीन प्रकारचे असतात.

पहिला प्रकार 'टू' लागलेल्या रूपांचा. 'शी वॉन्ट्स टू लर्न म्युझिक' यात क्रियापद 'वॉन्ट्स' आहे. 'टू लर्न' म्हणजे आपले 'शिकायला'. कधीकधी 'टू' गाळलेला असतो, उदाहरणार्थ 'ही मेड हर वेट'. इथे 'वेट' हे क्रियापद वाटते, पण काळ बदलून पाहिला की 'मेड'चे 'मेक्स' होते आणि 'वेट' ढिम्म हलत नाही.

दुसरा प्रकार शेवटी 'आयएनजी' असलेल्या रूपांचा. ॲम, इज, आर, वॉज, वेअर, बी किंवा बीन यांपैकी कोणी आधी नसेल, तर असे रूप एकट्याने क्रियापद होत नाही. 'द गर्ल सिटिंग बाय द डोअर नोज द आन्सर' या वाक्यात 'सिटिंग' म्हणजे 'बसलेली'. क्रियापद 'नोज' आहे. उलट हेच रूप कर्ताही होऊ शकते: 'रीडिंग इन पुअर लाइट टायर्स द आइज' यात 'रीडिंग इन पुअर लाइट' हा पूर्ण कर्ता आहे, म्हणजे आपले 'अंधुक उजेडात वाचणे'.

तिसरा प्रकार सर्वांत फसवा: शेवटी 'ईडी' असलेली किंवा तिसऱ्या रूपातील धातुसाधिते. 'द चिल्ड्रन सीटेड नियर द विंडो वेअर सिंगिंग' यात 'सीटेड' भूतकाळी क्रियापदासारखे दिसते, पण त्याचा अर्थ 'बसवलेली' असा आहे. खिडकीपर्यंत वाचून वाक्य संपले असे समजू नये. पुढे 'वेअर सिंगिंग' ही खरी साखळी उभी आहे. मराठीत 'बसवली' आणि 'बसवलेली' यांत स्पष्ट फरक ऐकू येतो, इंग्रजीत अनेक धातूंची ही दोन्ही रूपे एकसारखीच असतात, म्हणून आपल्याला ही अडचण विशेष जाणवते. माझ्यापुरता मी एक नियम केला आहे: 'ईडी'चा शब्द दिसला की लगेच अधोरेखित करायचा नाही, वाक्याच्या शेवटापर्यंत जाऊन दुसरा दावेदार आहे का ते पाहायचे.

५. प्रश्न करून कर्त्याची हद्द ठरवावी

क्रियापद सापडल्यावर त्यापुढे 'कोण?' किंवा 'काय?' असा प्रश्न विचारून कर्ता मिळतो, असे सर्वत्र सांगितले जाते आणि लहान वाक्यांत ते पुरेही पडते. परंतु कर्ता कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे त्यातून कळत नाही. त्यासाठी वाक्याचा हो-नाही स्वरूपाचा प्रश्न करावा. माझ्या मते या संपूर्ण विषयातील सर्वांत भरवशाची कसोटी हीच आहे.

'द डॉटर्स ऑफ द ओल्ड किंग आर वेटिंग आउटसाइड' या वाक्याचा प्रश्न असा होतो: 'आर द डॉटर्स ऑफ द ओल्ड किंग वेटिंग आउटसाइड?' 'आर' हा शब्द उडी मारून पुढे आला. त्याने ज्या शब्दांवरून उडी मारली, तेवढा सगळा भाग म्हणजे पूर्ण कर्ता: 'द डॉटर्स ऑफ द ओल्ड किंग'. सहायक क्रियापद नसेल तर डू, डज किंवा डिड आणावे लागते: 'द बॉय विथ ब्लू शूज लाफ्ड' याचे 'डिड द बॉय विथ ब्लू शूज लाफ?' होते. 'डिड' आणि 'लाफ' यांच्यामधे जे सापडले, तो कर्ता.

पूर्ण कर्त्यातील मुख्य शब्द कोणता, हे ठरवायला वाक्याच्या शेवटी 'नाही का?' लावून पाहावे. 'द डॉटर्स ऑफ द ओल्ड किंग आर वेटिंग आउटसाइड, आरन्ट दे?' इथे 'दे' आले, 'ही' आले नाही. म्हणजे मुख्य शब्द 'डॉटर्स', राजा नव्हे. या शेपटीप्रश्नात क्रियापदाचा पहिला दुवा आणि कर्त्याचे सर्वनाम या दोन्ही गोष्टी शेजारीशेजारी उघड्या पडतात.

वाक्य मुळातच प्रश्नार्थक असेल, तर उलट करून त्याचे विधान करावे. 'व्हॉट डिड शी से?' यात कर्ता 'शी' आहे. 'हू ब्रोक द ग्लास?' यात मात्र प्रश्नशब्द 'हू' हाच कर्ता आहे, आणि म्हणूनच तिथे 'डिड' लागलेले नाही.

६. 'ऑफ', 'इन', 'विथ' यांच्या शेपट्या कंसात टाकाव्यात

ऑफ, इन, ऑन, ॲट, फ्रॉम, टू, विथ, फॉर, बाय, बिटवीन, ड्युरिंग यांसारख्या शब्दयोगी शब्दांमागून येणारे नाम कधीही त्या क्रियापदाचा कर्ता नसते. मराठीत हे काम 'चा', 'त', 'ने', 'पासून' करतात आणि ते नामाला मागून चिकटतात. इंग्रजीत ते नामाच्या पुढे सुटे उभे असतात, त्यामुळे डोळा त्यांना सहज ओलांडून जातो. वाचताना पेन्सिलीने या शेपट्यांना हलके कंस करावेत.

'द की टू द कॅबिनेट्स इज ऑन द टेबल' यात 'टू द कॅबिनेट्स' आणि 'ऑन द टेबल' हे कंसात गेले की 'द की इज' एवढाच सांगाडा उरतो. इथे 'आर' लिहिण्याचा मोह होतो, कारण 'कॅबिनेट्स' हे अनेकवचन क्रियापदाच्या अगदी शेजारी आहे. हा मोह केवळ आपल्याला होतो असे नाही. कॅथरिन बॉक आणि कॅरल मिलर या अभ्यासकांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत इंग्रजी बोलणारेही अशा ठिकाणी जवळच्या अनेकवचनामुळे घसरतात, असे दिसून आले होते.

शेपटी वाक्याच्या सुरुवातीलाही येते. 'इन द कॉर्नर ऑफ द रूम स्टँड्स अ लॅम्प' या वाक्यात दोन्ही शेपट्या काढल्यावर क्रियापदाच्या आधी काहीच उरत नाही. अशा वेळी कर्ता क्रियापदाच्या मागे शोधावा: 'अ लॅम्प'.

७. दिसत नसलेला आणि नावापुरता असलेला कर्ता

मराठीत 'उद्या येतो' हे पूर्ण वाक्य आहे; 'मी' हा अर्थ क्रियापदाच्या रूपात आणि संदर्भात सामावलेला असतो. याचेच शब्दशः 'कम टुमॉरो' केले, तर इंग्रजीत ती आज्ञा होते आणि अर्थ 'उद्या ये' असा लागतो. इंग्रजी विधानाला कर्ता लिहावाच लागतो. केवळ आज्ञार्थात तो गाळलेला असतो आणि तिथे तो 'यू' असतो. 'क्लोज द डोअर, विल यू?' असे म्हटले की तो लपलेला 'यू' बाहेर येतो.

कर्ता लिहिलाच पाहिजे या सक्तीमुळे इंग्रजीत नावापुरते कर्ते तयार झाले आहेत. 'इट इज रेनिंग' यातील 'इट' म्हणजे काय, असे विचारण्यात अर्थ नाही. ती जागा रिकामी ठेवता येत नाही म्हणून ते तिथे आहे. 'देअर आर थ्री विंडोज इन द रूम' हे प्रकरण थोडे वेगळे आहे. पाचव्या पायरीतील कसोटी लावली तर 'आर देअर थ्री विंडोज' असे होते आणि उडी 'देअर'वरून पडते, परंतु क्रियापदाचे वचन 'विंडोज' ठरवते. व्यवहारात, विशेषतः लिहिताना, 'विंडोज' हाच कर्ता धरावा, म्हणजे 'इज' की 'आर' हा प्रश्न अडत नाही.

८. हू, विच, दॅट: वाक्याच्या पोटातील वाक्य

एका वाक्यात दोन-तीन साखळ्या सापडल्या तर घाबरू नये. प्रत्येक साखळीचा स्वतःचा कर्ता असतो किंवा ती आधीच्या साखळीचा कर्ता वाटून घेते. हू, विच, दॅट, व्हेन, इफ, बिकॉज यांसारखा शब्द दिसला की तिथून एक चौकट सुरू करावी आणि पोटवाक्य जिथे संपते तिथे ती बंद करावी. 'द मॅन हू लिव्हज नेक्स्ट डोअर टीचेस म्युझिक' यात 'हू लिव्हज नेक्स्ट डोअर' चौकटीत गेले की बाहेर 'द मॅन टीचेस म्युझिक' उरते. मराठीत आपण 'जो शेजारी राहतो, तो संगीत शिकवतो' असे जो-तोच्या जोडीने बोलतो. इंग्रजीत 'तो' नसतो आणि 'जो'चे वाक्य मुख्य वाक्याच्या मधोमध शिरते, म्हणून मुख्य कर्ता आणि मुख्य क्रियापद एकमेकांपासून दूर पडतात.

कधी 'दॅट' गाळलेला असतो. 'द की आय लॉस्ट वॉज ओल्ड' यात 'द की' आणि 'आय' हे दोघे कोणत्याही जोडशब्दाशिवाय शेजारी उभे आहेत. दोन कर्ते असे अंगाला अंग लावून आले की त्यांच्यामधे 'दॅट' लपला आहे असे समजावे आणि चौकट तिथून सुरू करावी.

मोजणीची एक पडताळणीही करता येते: काळ दाखवणाऱ्या क्रियापद-साखळ्या जितक्या, त्यापेक्षा जोडणारे शब्द साधारणतः एकाने कमी असतात, लपलेला 'दॅट', आणि यादीतील स्वल्पविराम किंवा अर्धविराम हेही जोडशब्द म्हणूनच मोजावेत. हिशेब जुळला नाही, तर बहुतेक वेळा आपण एखादे 'ईडी'चे रूप चुकून क्रियापद धरलेले असते.

९. वचनाचा मेळ तपासावा

इंग्रजीत 'एस' नामाला लागला तर बहुधा अनेकवचन होते आणि क्रियापदाला लागला तर एकवचन: 'द बॉय रन्स', 'द बॉइज रन'. एक 'एस' या दोघांपैकी एकाच्याच वाट्याला येतो असे लक्षात ठेवले तर बरेच काम भागते. 'चिल्ड्रन'सारखी अनेकवचने आणि 'न्यूज', 'मॅथेमॅटिक्स'सारखी 'एस' असूनही एकवचनी असलेली नामे मात्र वेगळी पाठ करावीत. 'ईच ऑफ' आणि 'वन ऑफ' यांनी सुरू होणारा कर्ता एकवचनी असतो. 'द नंबर ऑफ' एकवचनी, 'अ नंबर ऑफ' अनेकवचनी. 'अलाँग विथ' आणि 'ॲज वेल ॲज' यांनी जोडलेले नाम मोजायचे नाही. 'आयदर' आणि 'ऑर' यांनी दोन कर्ते जोडलेले असतील तर क्रियापदाच्या जवळचा कर्ता वचन ठरवतो.

१०. एक लांब वाक्य पहिल्यापासून शेवटपर्यंत

'द रिपोर्ट्स दॅट द मॅनेजर ऑफ द टू ब्रँचेस सेंट लास्ट वीक टू द हेड ऑफिस हॅव नॉट यट बीन रेड.'

पहिल्यांदा साखळ्या शोधू. 'सेंट' ही एक, आणि 'नॉट यट' हे पाहुणे वगळून 'हॅव बीन रेड' ही दुसरी. साखळ्या दोन, जोडशब्द 'दॅट' हा एक; हिशेब जुळला. आता शेपट्या कंसात टाकू: 'ऑफ द टू ब्रँचेस', 'टू द हेड ऑफिस'. चौकट 'दॅट'पासून 'हेड ऑफिस'पर्यंत. चौकटीबाहेर उरले 'द रिपोर्ट्स हॅव नॉट यट बीन रेड'. चौकटीच्या आत 'द मॅनेजर सेंट'. पूर्ण कर्ता तपासण्यासाठी 'हॅव'ला पुढे नेले, तर त्याला 'द रिपोर्ट्स'पासून 'हेड ऑफिस'पर्यंतच्या सगळ्या शब्दांवरून उडी मारावी लागते. म्हणजे मुख्य शब्द 'रिपोर्ट्स' असला तरी पूर्ण कर्ता १६ शब्दांचा आहे. क्रियापदाला लागून 'ऑफिस' हे एकवचन उभे आहे, तरी 'हॅज' आलेले नाही, याचे कारण आता दिसते.

या वाक्यात एक गंमतही आहे. 'रेड' हा शब्द रोमन लिपीत वर्तमानकाळी 'रीड'सारखाच लिहिला जातो. देवनागरी दोघांतला फरक लगेच दाखवते आणि रोमन लिपी तो लपवते.

वाक्याची अशी फोड कागदावर रेखाटण्याची जुनी पद्धतही उपयोगी आहे. अलोन्झो रीड आणि ब्रेनर्ड केलॉग या अमेरिकी शिक्षकांनी १८७७ मध्ये मांडलेल्या आकृतीत एक आडवी रेघ काढून तिला छेदणारी उभी रेघ मारतात. छेदाच्या डावीकडे कर्ता आणि उजवीकडे क्रियापद लिहितात, आणि विशेषणे व शेपट्या खाली तिरक्या रेघांवर टांगतात. संपूर्ण आकृती शिकण्याची गरज नाही. ती एक आडवी आणि एक उभी रेघ मात्र मी आजही अडलेल्या वाक्यासाठी काढतो.

सरावासाठी

रोज अर्धे पान मजकूर पुरेसा आहे. सुरुवातीला कथेपेक्षा माहितीपर मजकूर घ्यावा, कारण संवादांत अर्धवट वाक्ये फार असतात. पुढील पाच वाक्ये आधी स्वतः सोडवावीत आणि मगच उत्तरे पाहावीत.

अ) बिहाइंड द टू टॉल ट्रीज वॉज अ स्मॉल हट.
आ) वन ऑफ द विंडोज फेसिंग द रोड हॅज बीन ब्रोकन.
इ) व्हॉट शी टोल्ड द चिल्ड्रन मेड देम लाफ.
ई) द हॉर्स रेस्ड पास्ट द बार्न फेल.
उ) द ओल्ड मॅन द बोट्स.

उत्तरे: (अ) क्रियापद 'वॉज', कर्ता 'अ स्मॉल हट', झाडे शेपटीत गेली. (आ) क्रियापद 'हॅज बीन ब्रोकन', मुख्य कर्ता 'वन'. 'फेसिंग'च्या आधी 'बी'चे रूप नाही. (इ) मुख्य क्रियापद 'मेड', आणि 'व्हॉट शी टोल्ड द चिल्ड्रन' हा सगळा भाग त्याचा कर्ता. त्याच्या पोटात 'शी' आणि 'टोल्ड' ही दुसरी जोडी. 'लाफ' हे क्रियापदाचे काम करत नाही. (ई) हे वाक्य भाषामानसशास्त्रज्ञ थॉमस बेव्हर यांनी १९७० मध्ये वापरल्यापासून प्रसिद्ध आहे, आणि इंग्रजी भाषकही त्यात पहिल्या वाचनात अडखळतात. 'रेस्ड' म्हणजे इथे 'पळवलेला'. क्रियापद 'फेल', कर्ता 'द हॉर्स'. (उ) 'ओल्ड मॅन' एकत्र वाचले तर वाक्याला क्रियापदच उरत नाही. इथे 'द ओल्ड' म्हणजे 'वृद्ध माणसे' हा कर्ता आहे आणि 'मॅन' म्हणजे 'नावेवर माणसे म्हणून काम करणे' हे क्रियापद आहे. पटत नसेल तर 'टुमॉरो' लावून पाहावे: 'द ओल्ड विल मॅन द बोट्स.'